बुगडीचे पाय

मी बुगडीला चौथा क्रमांक दिला. आबांनी तिला बाजारात विकलं. उखाभाऊ तिच्यासोबत चालत गेला आणि तिच्याशिवाय परत आला.

उखाभाऊ माझा थोरला भाऊ. बुगडी त्याची कालवड. आबा आमचे वडील. उखाभाऊला जाऊन आता चार महिने होतील. त्याच्या उत्तरकार्यानंतर मी जळगावला माझ्या घरी परतले, खिडकीजवळच्या टेबलावर वही उघडली आणि वरची तीन वाक्यं लिहिली. पुढचं लिहायला मला बराच वेळ लागला. सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला, दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट लावून ठेवण्यात. स्वतःचं काही लिहायचं म्हटलं की हात थांबतो. पण हे त्याच्यासाठी लिहायला हवं, आणि सावकाश लिहायला हवं. तो स्वतः एक वाक्य बोलायला जितका वेळ घ्यायचा तितक्याच सावकाश.

आमचं गाव पाचोऱ्यापासून सायकलनं तासाभराच्या वाटेवर. घर असं की स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीत हात जाईल एवढी खिडकी. माय चुलीसमोर बसलेली असायची आणि खिडकीतून गाईंचा श्वास आत यायचा. आजही कुठं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा वास आला, तर त्याच्यामागोमाग भिजलेल्या सरकीच्या पेंडीचा वास मला आपोआप येतो, तो तिथं नसला तरी. भाकरी थापल्याचा आवाज थांबला की रवंथ ऐकू यायचं. चार-पाच जनावरं एकदम रवंथ करू लागली की त्याला एक संथ लय येते, लांबच्या शेतात कुणी ओली माती तुडवत चालल्यासारखी. मी गव्हाणीच्या कडेवर बसून वाचायचे. पुस्तकातलं वाक्य आणि तो आवाज एकमेकांत मिसळून जायचे, आणि कधी कधी अर्धं पान झाल्यावर लक्षात यायचं, की आपण वाचत नव्हतो, नुसतं ऐकत होतो.

थोरल्या बहिणीनंतर, उखाभाऊच्या आधी झालेली दोन मुलं जगली नव्हती. म्हणून तो जन्मला तेव्हा त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणलं आणि नाव उखर्डू ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर उत्तम होतं, पण त्या नावानं हाक मारली तर तो वळून बघत नसे. तो अडखळत बोलायचा. पहिला शब्द तोंडात अडकून राहायचा, मान थोडी हलायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस घाईनं त्याच्या वतीनं वाक्य पुरं करून टाकायचा. बहुतेक वेळा ते वाक्य चुकीचं असायचं. तो ते दुरुस्त करत बसायचा नाही. तोंडी परीक्षेत दोनदा मागं राहिल्यामुळे तो माझ्या वर्गात आला, नववीत, आणि माझ्या शेजारच्या रांगेत शेवटच्या बाकावर बसू लागला.

जनावरांशी मात्र त्याची जीभ अडत नसे. बुगडीची आई तिला जन्म देऊन आठ दिवसांत गेली. मग त्यानं तिला बोटांवर वाढवलं. दुधात बोटं बुडवायची, तिच्या तोंडात द्यायची, पुन्हा बुडवायची. त्या वेळी तो तिच्याशी जे बोलायचा ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. सलग, न थांबता, कुठल्याही माणसासारखं. तिच्या डाव्या कानाच्या वरच्या टोकाला पांढऱ्या केसांचं एक कडं होतं. मायनं ते पाहिलं आणि म्हणाली, ही तर बुगडी घालूनच उनी. तेच नाव पडलं.

शाळेत आम्हाला शेतीचा विषय होता आणि तो शिकवायला सोनवणे सर होते. किडकिडीत, खाकी टोपीतले, खडूपेक्षा काठीनं जमिनीवर आकृत्या काढणारे. त्यांनी कुठूनशी जनावर-पारखीच्या स्पर्धेची माहिती मिळवली होती आणि त्या वर्षी धुळ्याच्या पशुप्रदर्शनात शाळांसाठी तशी स्पर्धा होणार होती. पद्धत अशी. चार जनावरं चार खुंटांना बांधलेली. दोघांची जोडी. दोघांनी मिळून पंधरा मिनिटं जनावरं पाहायची आणि पहिली कुठली, दुसरी कुठली असा क्रम चिठ्ठीवर लिहायचा. मग जनावरांकडे पाठ करून परीक्षकासमोर उभं राहायचं आणि जोडीतल्या एकानं कारणं सांगायची. आठवणीतून, मागं वळून न पाहता. निम्मे गुण क्रमाला, निम्मे कारणांना.

यात सरांचा स्वतःचा एक नियम होता आणि त्यावर ते फार अडून बसायचे. वरच्या जनावराची कारणं सांगण्याआधी खालच्याचं जे चांगलं असेल ते सांगायचं. याला ते ‘मान देणं’ म्हणत. म्हणजे असं: दुसऱ्या गाईची पाठ पहिलीपेक्षा सरळ आहे हे मी मान्य करतो, तरीही पहिली वर ठेवतो, कारण तिच्या सडांची ठेवण सारखी आहे. कुणी हा मान द्यायचं विसरलं, की सर काठी जमिनीवर टेकवून म्हणायचे, “खालच्याचा मान आधी. त्याच्यात काहीच चांगलं दिसलं नाही, तर तू त्याला पाहिलंच नाहीस.”

वर्गातली मुलं दोन-दोन वाक्यांत कारणं संपवायची. मी पानभर बोलायचे. मला गाईतलं फारसं काही कळत नव्हतं, पण वाक्य कसं उभं करायचं ते कळत होतं. उखाभाऊचं उलट. तो जनावराभोवती तीन फेऱ्या घालायचा, हात पाठीमागं बांधून, आणि त्याचा क्रम जवळजवळ कधीच चुकायचा नाही. सरांनी आमची जोडी लावली. त्यावर घरी बरंच बोलणं झालं. थोरले काका म्हणाले, “पोर काय आते बैल लेवाले जाई का?” पोरगी बैल खरेदीला जाणार म्हणून सगळे हसले, आबाही. पण उखाभाऊ तोंडी परीक्षेत पुन्हा अडकू नये असं आबांना फार वाटायचं. त्याच्याबरोबर कुणी बोलणारं असलं तर बरं, असं म्हणून त्यांनी मला जाऊ दिलं.

स्पर्धेआधीचे दोन महिने मला आता स्वप्नात घडल्यासारखे वाटतात. बाजाराच्या दिवशी सर आम्हाला पाचोऱ्याच्या बैलबाजारात न्यायचे. तिथं कडुनिंबाखाली रहीमचाचा नालबंद बसायचे. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचा आणि लोखंडी नाल ठोकायची, हे त्यांचं काम. हातोडीचा तो आवाज सगळ्या बाजारावरून तरंगत जायचा, टण टण आणि मधे एक रिकामी जागा. सरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की या पोरांना पाय दाखवा. चाचांनी पहिल्या दिवशी आम्हाला एकही जनावर दाखवलं नाही. म्हणाले, “पह्यले जमीन दखा. मंग जनावर.” आणि मातीतले ठसे दाखवले. चांगलं जनावर चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात टाकतं. ठशावर ठसा. मागचे गुडघे आत वळलेले असले की मागचा खूर बाजूला पडतो आणि जमिनीवर चार वेगळे ठसे दिसतात.

त्यानंतर आम्ही दोघं संध्याकाळी नदीच्या कोरड्या पात्रात जायचो. उखाभाऊ बुगडीला ओल्या वाळूवरून चालवायचा आणि मी मागून ठसे बघत यायचे. पात्रात एवढी शांतता असायची की तिच्या खुराखाली वाळू दबल्याचा आवाज यायचा. सूर्य केळीच्या बागांमागं जाताना वाळू तांबूस व्हायची आणि तिच्यावर बुगडीची एकच ओळ उमटत जायची, दोन पायांचं जनावर चालत गेल्यासारखी. मागचा खूर पुढच्यात. एकदाही बाजूला नाही. उखाभाऊ मागं वळून मला विचारायचा काहीच नाही, फक्त भुवया उंचावायचा. मी मान हलवायचे. मग तो हसायचा.

धुळ्याला आम्ही सरांबरोबर गेलो. पाचोऱ्याहून चाळीसगाव आणि तिथं गाडी बदलून धुळे. मायनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती. चाळीसगावच्या फलाटावर धुळ्याच्या गाडीची वाट बघत आम्ही ते खाल्लं, आणि सर आमच्यापासून थोडं लांब बसून आपला डबा खात होते, जणू आम्हाला ओळखतच नाहीत. मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. कर्ण्यातून कुणीतरी सारखं पाण्याच्या टाकीजवळ गर्दी करू नका म्हणत होतं. आमच्या वाट्याला चार गाई आल्या. उखाभाऊनं तीन फेऱ्या घातल्या आणि माझ्या शेजारी येऊन, ओठ फारसे न हलवता, मला दिलं ते एवढंच, खुंटाचा आकडा आणि कारण: तीन, पाठ. एक, खांदा. चार, सड. दोन, पाय. चिठ्ठी लिहिली. मग मी गाईंकडे पाठ करून उभी राहिले आणि त्या आठ शब्दांचं बोलणं केलं.

तेव्हा माझ्या अंगातून जे गेलं ते खरं सांगायचं तर आनंद होता. मी दुसऱ्या गाईला मान दिला, मग तिसरीला, मग चौथीला. परीक्षकानं लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मागं उभ्या माणसांतला एकजण म्हणाला, या पोरीनं गाय काय पाहिली हो. मी गाय पाहिलेलीच नव्हती. मला आता डोळे मिटल्यावरही त्या चारांपैकी एकीचाही रंग आठवत नाही. आमची जोडी पहिली आली. पितळी पेला मिळाला, त्याच्यावर दोघांची नावं होती, पण गावात बातमी पोहोचली ती अशी की मालूनं, म्हणजे मी, धुये जिकं, धुळं जिंकलं. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगायचे. उखाभाऊनं पेला गोठ्याच्या कोनाड्यात ठेवला आणि त्यात जनावरांच्या जखमेला लावायची हळद भरून टाकली.

त्याच उन्हाळ्यात आमच्या अक्काचं लग्न ठरलं. अक्का सगळ्यांत थोरली. सासर एदलाबादकडचं, ज्याला आता मुक्ताईनगर म्हणतात. आमच्याकडे मुलीला आंदण म्हणून गाय द्यायची पद्धत होती, आणि आबांचं म्हणणं असं की लेकीला द्यायची तर गोठ्यातली पहिली द्यायची. गोठ्यात तेव्हा चार कालवडी होत्या, एकाच वयाच्या, थोड्या महिन्यांच्या अंतरानं जन्मलेल्या. बुगडी, तांबडी, हरणी आणि ढवळी. आबांनी ठरवलं की व्याही लग्नाच्या देण्याघेण्याची याद करायला येतील त्या दिवशी त्यांच्यासमोर उखा आणि मालू दोघांनी कालवडींचा क्रम लावायचा, धुळ्याला लावला तसा. घरात पेला आला होता. तो नव्या सोयऱ्यांना दाखवायची ही त्यांची रीत होती.

आदल्या दुपारी माय आणि काकू अंगणात बिबडे घालत होत्या. ज्वारीच्या ओल्या पिठाचे पातळ गोल खाटेवरच्या कापडावर ओळीनं वाळत होते आणि वाऱ्यानं कापडाचा कोपरा उचलला की काकू तिथं एक खडा ठेवायची. मी आणि उखाभाऊ ते राखायला खाटेजवळ बसलो होतो. मी त्याला विचारलं, उद्या तू काय लिहिणार. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दिवसाचा रंग विचारला. मी म्हटलं, बुगडीला दुसरी लिही ना. कुणाला कळणार आहे. तांबडीही चांगलीच आहे. त्यानं कापडावरचा खडा सरळ केला. मग डोळे मिटले, मान हलली, आणि शब्द सुटला.

“पैली शे ना ती.”

मग आणखी थोड्या वेळानं, बिबड्यावरची माशी हाकलत, “अक्काकडे जाई. आपले दखाले भेटी.”

त्यानं सगळा विचार केलेला होता, हे मला आता कळतं. ती जाणार होती, पण कुठं जाणार ते त्याला ठाऊक होतं. दिवाळीला, आखाजीला अक्काला आणायला जाताना तो तिला भेटणार होता. मला मात्र त्या वेळी फक्त त्याचा चेहरा दिसत होता आणि त्याची ती दुधात बुडवलेली बोटं. मला वाटलं, याला स्वतःला वाचवता येत नाही, तर मीच याला वाचवते. माझ्याजवळ शब्द होते. ते मी पंधरा दिवसांपूर्वीच धुळ्याला वापरून पाहिले होते.

व्याही आले. पांढरी टोपी, हातात छत्री, सावकाश बोलणारे. त्यांनी चहा बशीत ओतून प्यायला आणि सगळे गोठ्यासमोरच्या मोकळ्या जागेत आले. कालवडी चार खुंटांना बांधलेल्या. काकांनी कोळशानं पाटीच्या तुकड्यांवर आकडे लिहून अडकवले होते आणि त्यावरून बरीच थट्टा चालली होती. उखाभाऊनं तीन फेऱ्या घातल्या. बुगडीजवळ तो थांबला नाही, उलट तिथं थोडा लवकर पुढं गेला. मग त्यानं खिशातून कागद काढून गुडघ्यावर ठेवून क्रम लिहिला आणि तो कागद हातात धरून आबांकडे येऊ लागला.

“मालू,” आबा म्हणाले, “धुयाले जशी बोलनी तशी बोल.”

मी बोलू लागले. जनावरांकडे पाठ करून, हात बाजूला धरून, सरांनी शिकवलं तसं. मी तांबडीला पहिली ठेवलं, हरणीला दुसरी, ढवळीला तिसरी. आणि चौथ्या कालवडीला मान दिला. म्हटलं, बुगडीचं तोंड चारींत देखणं आहे हे मी मान्य करते. तिची कातडी मऊ आहे, तिची पाठ सरळ आहे, सडांची ठेवण सारखी आहे. तरीही मी तिला शेवटी ठेवते, कारण तिचे मागचे गुडघे आत वळलेले आहेत. चालताना ते एकमेकांना घासतात. आज हे थोडं दिसतं, पण पोटात वासरू आलं की वजन वाढेल आणि ती मागून बसेल.

हे शेवटचं मला सरांच्या एका धड्यातून आठवलं होतं. मान इतका पुरेपूर दिल्यामुळे पुढचं सगळं खरं वाटत होतं. व्याही मान हलवत होते. आबा वाकून बुगडीच्या पायांकडे बघत होते, आणि मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. ज्या माणसानं ते पाय रोज पाहिले होते, त्याला ते वाकडे दिसू लागले. मी वळून पाहिलं तेव्हा मलाही ते थोडे वाकडे दिसले.

उखाभाऊ तिथंच थांबला होता, आबांपासून चार पावलांवर, हातातला कागद अजून पुढं केलेला. आबांनी तो घेतला नाही. बोलणं ऐकून झाल्यावर कागदाचं कुणालाच काही वाटलं नाही. व्याही म्हणाले, तांबडी मग आमची, आणि सगळे हसले. आबा अजून बुगडीकडेच बघत होते. मग सरळ होऊन ते सहज म्हणाले, “चौथी मंग कसाले ठेवो? बाजारले लई जाऊ.”

मला हे ठाऊक नव्हतं. गोठ्यात दोनच ठेवायच्या असं आबांनी ठरवलेलं होतं, नवी विहीर झाल्यावर चाऱ्याच्या रानात केळी लावायची होती. एक आंदण जाणार, एक बाजारात. ते मायला माहीत होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं.  आता बोलायचं म्हणजे व्याह्यांसमोर सांगायचं, की तुम्हाला दिलेली पहिली ही पहिली नाही. अक्का दारात उभी होती, नव्या बांगड्यांचे हात चौकटीवर. तिच्या सासऱ्यासमोर तिच्या बापाला खोटं पाडायचं. मी उखाभाऊकडे पाहिलं. त्यानंही अक्काकडे पाहिलं होतं. मग त्यानं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. जेवताना माय कौतुकानं म्हणाली, “इतलं बोलाले कोठे शिकनी तू?” त्या दिवशी फुणके आणि कढी होती. उखाभाऊनं नेहमीएवढंच खाल्लं.

लग्न होऊन गेलं तरी मी आबांना काही सांगितलं नाही. रोज ठरवायचे आणि रोज दिवस मावळायचा. मग बाजाराचा दिवस आला. आबांना वाटलं उखा यायला नको म्हणेल, पण त्यानंच दोर हातात घेतला. मीही निघाले. सकाळचं ऊन कोवळं होतं, रस्त्यावर बोटभर धूळ. आबा पुढं, उखाभाऊ आणि बुगडी मधे, मी मागं.  मी खाली बघत चालले होते म्हणून मला ते दिसत राहिलं. धुळीत एकच ओळ. मागचा खूर पुढच्या ठशात, ठशावर ठसा, पाचोऱ्यापर्यंत. मी काही वेळ त्या ठशांवर पाय ठेवून चालले. मग मला ते करवेना आणि मी रस्त्याच्या कडेनं चालू लागले.

बाजारात जामनेरकडच्या एका माणसानं तिला घेतलं. तो तिला फिरवून बघत असताना रहीमचाचा हातोडी खाली ठेवून उठले. गाई-कालवडींना नाल मारत नाहीत, पण चाचांना सवय. ते बुगडीच्या मागं बसले, मागचा एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा, मग मागं सरकून ती उभी कशी राहते ते पाहिलं. आबा दलालाशी बोलत होते. चाचांनी मान वर करून आम्हा दोघांना विचारलं, “इना पाय कोनले पसंद पडनात नही?”

मला वाटलं आता सगळं बाहेर येईल, आणि खरं सांगते, यावं असंही वाटलं. उखाभाऊचे डोळे मिटले. मान हलली. चाचा थांबले. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी माणसं थोडी होती, त्यांतले ते एक.

“कोनलेच नही,” उखाभाऊ म्हणाला.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग बुगडीच्या पाठीवर हात फिरवला आणि आपल्या जागी जाऊन बसले. हातोडी पुन्हा सुरू झाली. जामनेरचा माणूस दोर धरून निघाला. बुगडी थोडी अडली, उखाभाऊनं तिच्या पुठ्ठ्यावर हलकेच थाप दिली, तेव्हा ती चालू लागली.

परतताना आबा बैलगाडीनं आले, आम्ही दोघं पायी. निम्म्या वाटेवर एका बाभळीखाली तो थांबला. मला वाटलं तो रडेल किंवा मारेल. दोन्हींची मी तयारी केली होती. तो रस्त्याकडे बघत होता. सकाळचे ठसे गाड्यांच्या चाकांनी पुसून गेले होते.

“तिना पायस्नं तू खोटं सांगं,” तो म्हणाला. एकदाही न अडखळता.

एवढंच. ती गेली याबद्दल तो मला काही बोलला नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्यानं माझ्या लग्नात अक्षता वाटल्या, माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन नदीत नेलं, दर उन्हाळ्यात बिबड्यांचं गाठोडं जळगावला पोचवलं. आम्ही पाऊसपाण्याबद्दल बोललो, आबांच्या आजारपणाबद्दल, अक्काच्या सुनांबद्दल. तांबडी अक्काकडे छान राहिली, तिचं पुष्कळ दूध झालं, हेही तो कौतुकानं सांगायचा. पण जनावर चांगलं की वाईट, यावर त्यानं माझ्यासमोर पुन्हा मत दिलं नाही आणि माझं विचारलं नाही. बुगडीचं जामनेरकडे पुढं काय झालं ते मला माहीत नाही. त्याला माहीत होतं का, तेही माहीत नाही. मी पुन्हा कधी कुठल्या स्पर्धेत बोलले नाही. मी पुस्तकांकडे गेले, जिथं बोलावं लागत नाही.

आजकाल जनावरं मोबाइलवर पाहून घेतात, भाचा, उखाभाऊचा मुलगा, सांगत होता. गाय चालतानाचा व्हिडिओ मागवतात. त्यात जमीन दिसत नाही बहुधा.

उत्तरकार्याच्या दिवशी गावातल्या शाळेची पंधरावीस मुलं ओळीनं येऊन बसली. मला कळेना ही कुणाची. तेव्हा भाच्यानं सांगितलं की नाना, म्हणजे उखाभाऊ, गेली कित्येक वर्षं रविवारी यांना गोठ्यात बोलवायचे. चार जनावरं बांधून ठेवायचे, पोरं क्रम लावायची, कारणं पाटीवर लिहायची. नाना बोलायचे थोडं. पाटी घ्यायचे आणि काही कारणं बोटानं पुसून टाकायचे. कुठली पुसायचे, मी विचारलं.  ओळीतली एक मुलगी म्हणाली, “नाना म्हनेत, जठे हात लावता येस तेच कारन लिखा.” आणि तिनं समोरच्या हवेत हात फिरवून दाखवला. पाठ, मग पुठ्ठा, मग खाली, मागचा गुडघा.

निघताना भाच्यानं मला पत्र्याची एक डबी दिली. म्हणाला, यावर नानांनी तुमचं नाव सांगून ठेवलं होतं. आत दोन घड्या घातलेला कागद होता. शाळेच्या वहीचा, रेघांचा, घडीवर फाटत आलेला. वरच्या निम्म्यात त्याच्या अक्षरात क्रम आहे: बुगडी, तांबडी, हरणी, ढवळी. खालच्या निम्म्यात ‘कारणे’ असं लिहून त्याखाली रेघ मारली आहे. रेघेखाली काही नाही.

कागद माझ्या टेबलावर आहे. बुगडी पहिली होती. तिचे पाय सरळ होते.